पत्रा दर पावसाळ्यात त्याच कोपऱ्यातून उडतो: वादळानंतर छपराची दुरुस्ती कुठून सुरू करायची

तक्रार ठरलेली असते. मे महिन्यातल्या वळवात किंवा जूनच्या पहिल्या सोसाट्यात एका कोपऱ्यातले दोन पत्रे उचलले जातात. फॅब्रिकेटर येतो, नवे पत्रे टाकतो, चार स्क्रू जास्तीचे मारतो, वरून डांबर फासतो. पुढच्या वर्षी तोच कोपरा पुन्हा उघडा. नाहीतर पत्रा जागेवर राहतो, पण त्याच्या शेजारची रांग गळायला लागते.

कारण बहुतेक वेळा एकच असते. पत्रा बदललेला असतो, पण जे तुटले ते बदललेले नसते. वाऱ्याचा ओढा पत्र्यातून स्क्रूत जातो, स्क्रूतून पर्लिनमध्ये (पत्र्याखालच्या आडव्या पट्टीत), पर्लिनमधून कैचीत (पर्लिन पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यात), कैचीतून भिंतीत आणि तिथून पायात. यातली जी जागा सर्वांत कच्ची तिथे छप्पर सुटते. ती जागा न शोधता केलेली दुरुस्ती म्हणजे पुढच्या वादळाची तयारीच. हे सगळे कोकणातल्या पत्र्याच्या आणि कौलारू घरांच्या हिशेबाने लिहिले आहे. देशावर वळवात शेड उडतात तिथेही पत्र्याचा भाग तसाच लागू पडतो.

छपरावर चढायच्या आधी

मेन स्विच बंद करा. विजेच्या खांबावरून घरात आलेली सर्व्हिस वायर पत्र्याला किंवा पर्लिनला टेकली असेल तर मेन बंद करूनही छप्पर जिवंत राहते. ती वायर वीज कंपनीच्या माणसाने सोडवल्याशिवाय शिडी लावू नका. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवायचा नाही. पर्लिनच्या रेषेवर आडवी फळी टाकायची आणि फळीवरूनच सरकायचे. भिजलेला सिमेंट पत्रा दिसतो धड आणि पायाखाली फुटतो.

माड किंवा पोफळ छपरावर आडवी झाली असेल तर खोडाला हात लावायच्या आधी घरात वाशांखाली टेकू द्या. मग झावळ्या आणि शेंड्याकडचे वजन थोडे थोडे कमी करत या. एकदम मधून कापले की बुंध्याकडचा भाग उसळतो, आणि उरलेले वासे त्यात जातात.

तात्पुरती ताडपत्री आढ्याच्या पलीकडे किमान ४ फूट गेली पाहिजे, नाहीतर पाणी वरून तिच्याखाली शिरते. तिची कड बांबूला किंवा रिपेला दोन-तीन वेढे गुंडाळून मग बांधायची. नुसत्या डोळ्यांतून दोरी ओवली तर डोळे फाटतात. दगड आणि वाळूची पोती ठेवण्याची पद्धत सगळीकडे आहे, पण सुटी पोती वाऱ्यात घसरतात आणि खाली माणूस असतो. ठेवायचीच तर दोन पोती एका दोरीला बांधून आढ्याच्या दोन्ही बाजूंना लोंबती टाका.

उडालेला पत्रा आधी वाचा

वाडीत पडलेला पत्रा भंगारात देण्याआधी उलटा करून त्याची भोके पाहा, आणि मग वर जाऊन पर्लिन पाहा. दहा मिनिटांचे काम आहे आणि निदान इथेच होते.

स्क्रू पर्लिनमध्येच उभे आहेत, वायसरही त्यांच्यावर आहेत आणि पत्र्याला वायसरएवढे फाटके भोक आहे: म्हणजे पत्रा स्क्रूच्या डोक्यावरून ओढला गेला. पत्रा पातळ होता किंवा स्क्रू विरळ होते. भोकाच्या भोवती ताऱ्यासारख्या बारीक चिरा दिसल्या तर तो एका झटक्यात गेलेला नाही. कित्येक तास, कदाचित मागच्या दोन पावसाळ्यांतही तो फडफडत होता आणि धातू थकून चिरत गेला. अशा वेळी शेजारचे न उडालेले पत्रेही तितकेच थकलेले असतात. त्यांच्या वायसरभोवती बोट फिरवून पाहा, चिर हाताला लागते.

स्क्रू पत्र्याबरोबरच उपसून आलेत: पर्लिन पातळ आहे किंवा लाकूड कुजलेले आहे. सव्वा मिलिमीटर जाडीच्या बॉक्स पाइपात स्क्रूचा जेमतेम एखादा आटा धरतो. पाइपाची भिंत किमान २ मिलिमीटर हवी. लाकडी रीप किंवा पर्लिन असेल तर पेचकस टोचून पाहा. टोक सहज आत जात असेल तर त्या लाकडात कितीही लांब स्क्रू मारला तरी तो खिळ्यासारखा निघेल.

पत्रा पर्लिनला धरणारे इंग्रजी J आकाराचे हुक सरळ झालेले सापडले: हुकाची वाकलेली बाजू ताणाने उघडली. असा हुक ठोकून पुन्हा वाकवून वापरायचा मोह सगळ्यांना होतो. तो पुढच्या वेळी आणखी कमी ताणात उघडतो. फेकून द्या.

पर्लिनसकट पत्रा गेला: वेल्डिंग सुटले. तुटलेल्या जागी चकचकीत धातू अगदी ठिपक्याएवढा आणि बाकी सगळा तांबेरा दिसेल. म्हणजे टाका मारून सोडून दिला होता, पूर्ण वेल्ड कधी झालाच नव्हता.

कैचीसकट सगळे छप्पर पलीकडच्या वाडीत: भिंतीत पकडच नव्हती. इथे स्क्रूंची चर्चा करण्यात अर्थ नाही.

ओढा किती असतो

वारा छप्पर ढकलतो असे वाटते, पण बहुतेक नुकसान तो वर उपसून करतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागातला हिशेब सोपा आहे. वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचे. उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचे झोत ताशी १२० किलोमीटरच्या आसपास होते. म्हणजे सेकंदाला ३३ मीटरच्या पुढे, आणि दाब प्रत्येक चौरस मीटरला साधारण ६८ किलो. कोपऱ्याला, आढ्याला आणि कडांना हा ओढा सरासरीच्या दीडपट ते दुप्पट होतो, म्हणजे तिथे १०० किलो धरूनच चाला. वाऱ्याच्या बाजूचे दार किंवा खिडकी फुटली तर आतून फुगवणारा दाब आणखी वेगळा. म्हणूनच वादळात ‘हवा जायला खिडक्या उघड्या ठेवा’ हा सल्ला ऐकू नका. घट्ट बंद करा आणि आतून आडणे लावा.

आता पत्र्याचे वजन पाहा. अर्ध्या मिलिमीटरचा रंगीत पत्रा चौरस मीटरला ५ किलोच्या आत बसतो. उरलेला सगळा ओढा स्क्रूंनी धरायचा. पर्लिनमधले अंतर १.२ मीटर आणि प्रत्येक २० सेंटिमीटरवरच्या नळीला (पत्र्याच्या उंचवट्याला) स्क्रू असेल तर कोपऱ्यातल्या एका स्क्रूवर २४ किलो येतात. दर तिसऱ्या नळीला एक असेल तर ७२. ०.३५ मिलिमीटरच्या पत्र्याला वायसरभोवती हे झेपत नाही, विशेषतः तासन् तास हलत राहिल्यावर. त्याच कोपऱ्यातून दर वर्षी उडण्याचे गूढ एवढेच आहे. ओढा तिथे सर्वांत जास्त असतो, पण स्क्रू मात्र सगळीकडे सारखेच मारलेले असतात.

कौले काढून पत्रा टाकलेली घरे

हा वेगळा विषय आहे आणि निसर्ग वादळानंतर, पुढे मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेल्यावरही, याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. माकडे कौले फोडतात, कौले परतायला माणूस मिळत नाही, म्हणून जुन्याच वाशांवर पत्रा टाकायचा, हे आता गावोगाव झाले आहे. मंगलोरी कौले चौरस मीटरला ३५ ते ४० किलो भरतात, त्यात वासे, रिपा आणि आढे यांचे वजन वेगळे. कौलारू छप्पर मुख्यतः वजनाने बसून असते. जुन्या सुतारांनी आढे खांबावर नुसते खोबणीत बसवले तरी चालायचे, कारण वरून टनावारी भार दाबत होता.

कौले उतरवली की तो भार गेला. सांगाडा तोच, खोबणी तीच, फक्त त्याला खाली धरणारे काही उरले नाही. मग पत्रा वाशांना कितीही घट्ट बसवा, वासेच आढ्यासकट उचलले जातात. असे छप्पर तुमच्याकडे असेल तर पत्र्याच्या स्क्रूंवर पैसे घालण्याआधी वासा–पाटई आणि पाटई–भिंत (पाटई म्हणजे भिंतीच्या माथ्यावरचे आडवे लाकूड, ज्यावर वासे टेकतात) हे दोन सांधे लोखंडी पट्टीने बांधा. प्रत्येक वाशाला नको, पण कडेचे पहिले तीन वासे आणि मधला दर दुसरा वासा तरी. पट्टी २५ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड, वाशावरून वळवून दोन्ही बाजूंना दोन-दोन लाकडी स्क्रूंनी किंवा आरपार बोल्टने. एकटा खिळा चालत नाही. वर ओढला की खिळा लाकडातून सरळ निघतो.

भिंतीतली पकड

जांभ्याच्या भिंतीवर कैची ठेवून भोवती सिमेंट माल भरलेला असतो, आणि मालकाला वाटते पक्के बसले. मालाला खाली दाबणारा भार झेपतो, वर खेचणारा झेपत नाही. हिशेब करून पाहा. ६ मीटर रुंद घर, कैच्या ३ मीटरवर. कैचीच्या एका टोकाच्या वाट्याला ९ चौरस मीटर छप्पर येते. सरासरी ६० किलोने ओढा ५४० किलो, त्यातून छपराचे स्वतःचे वजन वजा केले तरी साडेचारशे किलोच्या आसपास उरतो. एक चिरा तीस किलोचा धरला तर कैचीच्या टोकाखालचे पंधराएक चिरे तिच्याबरोबर बांधलेले असायला हवेत. वरच्या थरात रोवलेला बोल्ट एकदोन चिरे धरतो आणि त्यांना घेऊनच वर जातो.

नवे बांधकाम असेल तर उत्तर सोपे: भिंतीच्या माथ्यावर चारही बाजूंनी सलग आरसीसी पट्टा, आणि कैचीखाली त्यात काँक्रीट भरतानाच सोडलेले १६ मिलिमीटरचे दोन अँकर बोल्ट, खाली एल आकारात वळवलेले, किमान ४५० मिलिमीटर आत. पट्टा इतका जाड नसतो, म्हणून कैचीच्या जागी खाली दोन-तीन थर उतरणारा काँक्रीटचा ठोकळा त्याच्याबरोबरच ओतायचा.

जुन्या भिंतीत पट्टा नसेल तर कैचीच्या टोकापासून भिंतीच्या दोन्ही अंगांनी ४० बाय ५ मिलिमीटरची पट्टी चार-पाच थर खाली आणा आणि दोन उंचींवर १२ मिलिमीटरच्या आरपार बोल्टने आवळा. बोल्टच्या दोन्ही टोकांना १०० मिलिमीटरची चौकोनी प्लेट हवी, कारण जांभा मऊ असतो आणि नुसता नट त्यात रुततो. पट्टीला बसवण्याआधी रेड ऑक्साइड नको, झिंकचा प्रायमर लावा. खाऱ्या हवेत एरवी ती पाचसहा वर्षांत पापुद्र्यांनी सुटते. पट्टी गिलाव्याखाली झाकायची घाई करू नये. दिसत राहिली तर गंज वेळेत कळतो.

पर्लिन आणि कैचीचा सांधा वेल्डवर सोडण्यापेक्षा अँगलचा तुकडा कैचीला पूर्ण वेल्ड करून त्याला पर्लिन १२ मिलिमीटरच्या दोन बोल्टने बांधणे चांगले. बोल्ट तपासता येतो, बदलता येतो. वेल्ड करायचाच तर सांध्याची पूर्ण लांबी करून घ्या आणि त्याच दिवशी रंगवा.

पत्रा परत बसवताना

किनाऱ्यालगत पत्रा किमान ०.५० मिलिमीटरचा घ्या. दुकानात ‘पन्नास’ म्हणून जो मिळतो त्याची जाडी रंगासकट मोजलेली असते की बिनरंगाची, हे विचारून बिलावर लिहून घ्यायचे. मधल्या भागात दोन पर्लिनमधले अंतर ४ फुटांपेक्षा जास्त नको. पागोळीकडची आणि आढ्याकडची शेवटची दोन ३ फुटांवर. शेवटच्या पर्लिनपुढे पत्रा १ फुटापेक्षा जास्त बाहेर काढू नका. झड आत येऊ नये म्हणून अडीच-तीन फूट पत्रा तसाच लोंबता सोडलेला असतो, आणि छप्पर उघडायला सुरुवात नेमकी तिथून होते. वरून ओढा आणि खालून धक्का, दोन्ही त्याच पट्टीवर येतात. झडीसाठी लांब पागोळी हवीच असेल तर तिच्याखाली वेगळे ब्रॅकेट आणि वेगळी पर्लिन द्या.

स्क्रू कुठे दाट आणि कुठे विरळ, ते असे. पागोळी आणि आढ्याच्या पर्लिनवर प्रत्येक नळीला एक. दोन्ही टोकांच्या भिंतींपासून ३ ते ४ फुटांच्या पट्ट्यातही सगळ्या पर्लिनवर प्रत्येक नळीला. उरलेल्या मधल्या भागात एक सोडून एक. शेजारच्या दोन पत्र्यांची कड एकमेकांना जोडणारे छोटे स्क्रू दर दीड फुटाला; हे बहुतेक जण मारतच नाहीत. त्यामुळे वारा कडेखाली शिरतो आणि पत्रा फडफडू लागतो.

समजा ६ बाय ९ मीटरचे दुपाखी घर, बाहेर फूटभर पागोळी, प्रत्येक पाख्यावर चार पर्लिन. छप्पर सात ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट) भरेल. वरच्या हिशेबाने पर्लिनमधले स्क्रू ३१० च्या आसपास आणि कडा जोडायचे १५० च्या आसपास लागतात. दहा टक्के वाया धरून ३५० आणि १६५ आणा. फॅब्रिकेटरच्या अंदाजपत्रकात यातले निम्मेच लिहिलेले असतील तर काम सुरू व्हायच्या आधी विचारा. स्क्रूंच्या खर्चात काटकसर केल्याने वाचणारी रक्कम पत्र्यांच्या खर्चापुढे किरकोळ असते.

नळीच्या माथ्यावर मारायचा स्क्रू नळीची उंची आणि पर्लिनची भिंत पार करून २० मिलिमीटर तरी खाली उतरला पाहिजे. म्हणजे २८–३० मिलिमीटरच्या नळीला ५५ ते ६५ मिलिमीटरचा. वायसर ईपीडीएम रबराचा हवा. मशीनला खोली थांबवणारे टोक लावून मारा. नुसत्या ड्रिलने मारले की माथा दबतो, रबर बाहेर फुटते आणि त्या खळग्यात पाणी साठते. बरोबर बसलेल्या स्क्रूचे रबर धातूच्या टोपीच्या कडेपाशी किंचित फुगलेले दिसते. टोपीच्या बाहेर चापट पसरले असेल तर जास्त आवळले, टोपी हाताने फिरत असेल तर सैल.

पत्रे घालायची सुरुवात पावसाच्या वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून. कोकणात पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून पूर्वेकडून सुरू करून पश्चिमेला संपवायचे. प्रत्येक नव्या पत्र्याची कड आधीच्यावर चढते आणि उघडी फट पूर्वेला तोंड करून राहते. हे गळतीपुरते. चक्रीवादळात मात्र वारा दिशा बदलतो, मध्य सरकला की उलट्या बाजूने येतो, म्हणून स्क्रू दाट करताना ‘पश्चिमेलाच जास्त मारा’ असे करू नये. चारही कडा सारख्या. वरखालच्या पत्र्यांची एकमेकांवरची झाक किमान ६ इंच, उतार १० अंशांच्या आसपास असेल तर ९ इंच आणि मध्ये ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी).

संध्याकाळी काम संपले की छपरावरचा लोखंडी चुरा झाडून काढा. स्क्रू मारताना उडालेला तो बारीक भुसा पहिल्या दवातच गंजतो आणि रंगीत पत्र्यावर तांबूस ठिपके उठतात. मग दुकानदाराला शिव्या बसतात. ॲल्युमिनियम-झिंकचा लेप असलेल्या पत्र्यावर ओला सिमेंट माल लावू नका, तांब्याची तारही टेकवू नका. दोन्हीने लेप खाल्ला जातो. कोन्यासाठी (आढ्यावरच्या टोपीसाठी) त्याच पत्र्याचा तयार कोना घ्या आणि त्याच्या खाली फोमची पट्टी लावा.

पडवी वेगळी ठेवा

पडवीचा किंवा पार्किंगचा पत्रा मुख्य छपराला सलग जोडलेला असतो. तो तीन बाजूंनी उघडा, म्हणून पहिला तोच उचलला जातो आणि जाताना मुख्य छपराची पहिली पर्लिन उपसून नेतो. पडवीला वेगळे खांब, वेगळी तुळई आणि मुख्य छपराच्या पागोळीखाली संपणारा वेगळा पत्रा असला तर पडवी गेली तरी घर झाकलेले राहते. मध्ये पाणी येऊ नये म्हणून वाकवलेली पत्र्याची पट्टी भिंतीला बसवा. गच्चीवर गळती थांबवायला घातलेल्या शेडचेही असेच: तिचे खांब पॅरापेटच्या विटांत नव्हे, कॉलमच्या डोक्यावर बसले पाहिजेत.

आकाराबद्दलही एक गोष्ट. जुनी चौपाखी घरे वादळात दुपाखी घरांपेक्षा बरी राहतात, कारण तिथे वाऱ्यासमोर उभी त्रिकोणी भिंत नसते आणि कडांवरचा ओढा कमी येतो. उतार २५–३० अंशांचा असला तर ५–१० अंशांच्या सपाट शेडपेक्षा ओढा पुष्कळ कमी होतो. छप्पर पूर्ण गेलेच असेल आणि नव्याने करायचे असेल तर पत्र्याच्या रंगाआधी हे ठरवा.

कौलारू छप्पर: कडा बांधल्या की निम्मे काम

मंगलोरी कौले ब्रासला साधारण १३० ते १५० लागतात; फुटीसाठी दहा टक्के जास्त आणा, आणि जुन्यातले एक कौल नमुन्याला दुकानात न्या, कारण कारखान्या-कारखान्यांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत. वादळात मधली कौले सहसा जात नाहीत. जातात ती पागोळीच्या दोन ओळी, टोकाच्या दोन रांगा आणि कोने. तेवढीच कौले मागच्या भोकातून जस्ताच्या तारेने रिपेला बांधली तरी फरक पडतो. सगळी बांधलीत तर पुढच्या शाकारणीला कौल बदलणे त्रासाचे होते, म्हणून मधली मोकळी ठेवा.

कोने बसवताना नुसत्या सिमेंटचा कडक माल लावतात. तो पहिल्याच उन्हाळ्यात चिरतो आणि मग कोना नुसता टेकलेला राहतो. सिमेंट, चुना आणि वाळू १:१:६ घ्या, कौले आधी पाण्यात भिजवा आणि माल कोन्याच्या दोन्ही कडांखाली भरा, मध्ये पोकळ राहू द्या. टोकाच्या भिंतीवर वाशांना कडेची उभी फळी मारली की वारा कौलांच्या बगलेत शिरत नाही.

कौले जागेवर आहेत आणि तरी झडीत गळते, असे असेल तर रिपांचे अंतर मोजा. दोन कौले एकमेकांत बसवून जमिनीवर ठेवली की वरच्या नाकापासून खालच्या नाकापर्यंत साडेबारा इंच भरतात. रिपा घाईत तेरा-साडेतेरा इंचांवर मारलेल्या असतील तर झाक कमी पडते आणि कितीही कौले बदला, पाणी येणारच. रिपा उपसून नव्याने माराव्या लागतात.

सिमेंटचे पत्रे

भोक ठोकून पाडू नका, ड्रिलने पाडा आणि ८ मिलिमीटरच्या हुकासाठी १० मिलिमीटरचे ठेवा. पत्रा उन्हात सरकतो; घट्ट भोकातून चिर निघते. वायसर बिटुमिनचा आणि त्यावर जस्ताची टोपी, नट फक्त वायसर बसेपर्यंत. चिर पडलेल्या पत्र्यावर सिमेंटचा हात मारून काही होत नाही. पर्लिनमधले अंतर १.४ मीटरपेक्षा जास्त असेल तर मध्ये पर्लिन घाला.

सिमेंटच्या पत्र्यांत, जुन्यांत तर हमखास, ॲस्बेस्टॉस असते. ग्राइंडर लावू नका, कोरडा तुकडा फोडू नका, झाडूने भुगा उडवू नका. पाणी मारून, हातकरवतीने, आणि तुकडे ओल्या पोत्यात भरून. भराव म्हणून अंगणात टाकायचे नाहीत. मुले खेळतात तिथे तर मुळीच नाही.

पंचनामा

फोटो आधी, आवरणे मग. घराच्या चारही बाजूंनी, आतून वर पाहताना, आणि फुटक्या कौलांचा किंवा पत्र्यांचा ढीग मोजता येईल असा. तलाठी येऊन जाईपर्यंत तो ढीग हलवू नका. ताडपत्री टाकायला हरकत नाही. घरपट्टीची पावती, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, आधार आणि बँक पासबुकाची प्रत तयार ठेवा. घर वडिलांच्या किंवा चुलत्यांच्या नावावर आणि राहतो दुसराच, इथे बहुतेक अर्ज अडतात, म्हणून संमतीपत्र आधीच करून ठेवलेले बरे. २०२२ ते २०२६ साठीच्या आपत्ती निधीच्या निकषांत अंशतः पडझडीला किमान १५ टक्के नुकसान लागत होते आणि पक्क्या घराला ६,५०० तर कच्च्याला ४,००० रुपये होते. एवढ्यात मोजकेच पत्रे येतात. भारत गृह रक्षा विम्यात वादळ धरलेले आहे. पॉलिसी असेल तर दुरुस्ती सुरू करण्याआधी कंपनीला कळवा, सर्वेयर येण्याआधी काम केले तर दावा कापला जाऊ शकतो.

दुरुस्ती झाल्यावर पहिल्या जोराच्या वाऱ्यानंतर एकदा वर जा आणि कडेच्या रांगांचे वायसर बोटाने फिरवून पाहा. जो फिरतो त्याच्या जागी एक माप जाड स्क्रू मारा. तोच स्क्रू पुन्हा आवळला तर आटा गेलेला असल्याने तो नुसता फिरत राहतो. जुनी रिकामी भोके सिलिकॉनने बुजवू नका, दोन पावसाळ्यांत ते सुटते. तिथे रबर वायसरसकट आखूड स्क्रू बसवा किंवा पत्र्याचाच तुकडा ब्युटाइल टेपवर रिव्हेट करा.